नवरा तिकडं, पिटिशन कचेरीत. मग भेटायला जायचं कसं?

ताई, नमस्कार. मी एकोणतीस वर्षांची, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात इंजिनिअर आहे. गेल्या मार्गशीर्षात लग्न झालं. नवरा बरीच वर्षं न्यू जर्सीला असतो, तिकडचाच झालाय म्हणा ना. लग्नानंतर थोडे दिवस राहून ते परत गेले आणि गेल्यागेल्या त्यांनी माझ्यासाठी पिटिशन, म्हणजे बायकोला कायमचं तिकडं न्यायचा अर्ज, दाखल केलं. त्याला सात महिने झाले, पण 'पेंडिंग'च्या पुढं काही सरकत नाही. दिवाळीनंतर महिनाभर जाऊन भेटून यावं असं दोघांनाही वाटतंय. पण जो भेटतो तो वेगळंच सांगतो. एजंट म्हणतो, "फॉर्मवर पिटिशनचं लिहायचंच नाही, नायगारा बघायला चाललोय म्हणायचं." मामेसासरे म्हणतात, "एकदा तिथं पोचली की झालं, कागद तिथनंच करायचे, परत यायचं नावच काढायचं नाही." नवऱ्याच्या मित्रांचं म्हणणं, व्हिसा नाकारला तर पिटिशनही जाईल, गप्प बसा. आणि सासूबाई म्हणतात, आज ना उद्या जायचंच आहे तर नोकरी आत्ताच सोड. श्रावणात मंगळागौरीला कुठं गेलं तरी प्रत्येकीचा एकच प्रश्न, "कधी निघालीस?" आता मी जायचंच टाळते. काय करू?
तुमची धाकटी बहीणच समजा, राजारामपुरी, कोल्हापूर

अगं, धाकटी बहीण म्हणालीस म्हणून सरळ 'तू'च म्हणते.

नवऱ्याला भेटायला जायला कायद्याची आडकाठी नाही. पिटिशन पडून आहे म्हणून पर्यटक व्हिसा मागताच येत नाही, असं कुठंही लिहिलेलं नाही. मागता येतो आणि काही जणींना मिळतोही. पण तो मिळणं अवघड आहे, हे आधीच मनाशी धरून चाल. का अवघड आहे ते कळलं, की चार सल्लागारांपैकी कुणाचं किती ऐकायचं ते तुझं तुलाच उमगेल.

त्याआधी तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला अडलंय. 'तिकडचाच झालाय म्हणा ना.' म्हणजे नेमका काय झालाय? नागरिक, की ग्रीन कार्डवाला, म्हणजे नुसता कायम रहिवासी? आपल्याकडं ग्रीन कार्ड मिळालं की पेढे वाटतात आणि नागरिकत्व मिळालं तरी तेच पेढे, त्यामुळं घरच्यांना दोन्ही एकच वाटतं. तुझ्या बाबतीत मात्र सगळं गणित इथंच फिरतं. अमेरिकन नागरिकाच्या पत्नीला वर्षाला अमुकच व्हिसे असा कोटा नाही. पिटिशन मंजूर झालं की पुढची पायरी. ग्रीन कार्डवाल्याच्या पत्नीला मात्र एफ-टू-ए नावाच्या रांगेत उभं राहावं लागतं. त्यांचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यातली तारीख तुझं पिटिशन दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत आल्याशिवाय, पिटिशन मंजूर असलं तरी, व्हिसा मिळत नाही. ग्रीन कार्डाला साधारण पाच वर्षं झाली की नवऱ्याला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ते मिळालं आणि तसं कळवलं, की तुझंही पिटिशन या रांगेतून बाहेर निघतं. म्हणून आज रात्री फोनवर प्रेमाच्या गोष्टी झाल्या की एवढंही विचारून घे. शिवाय पिटिशनची पावती मागून घे, आय-७९७ म्हणतात तिला. तीन अक्षरं आणि दहा आकडे असा क्रमांक तिच्यावर असतो, तो टाकून प्रकरण कुठवर आलं ते तुलाही मोबाइलवर बघता येतं. इतके महिने लोटले आणि पावतीची प्रत बायकोकडं नाही, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय. पुरुष कागद जपून ठेवतात, तेच दाखवायचं विसरतात.

आता व्हिसाचं. तू मागणार तो बी-१/बी-२, म्हणजेच पर्यटक व्हिसा. अमेरिकेच्या कायद्यातलं कलम २१४ बी असं सांगतं, की हा व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिथं कायमचा राहायलाच निघालाय असं अधिकाऱ्यानं धरून चालायचं. तसं नाही हे दाखवायचं काम मागणाऱ्याचं. रिटायर झालेले मास्तर मुलाकडं जायला निघाले तरी त्यांना हेच लागू. तुझ्या बाबतीत तर 'ही कायमची यायचीय' असं खुद्द तुझ्या नवऱ्यानं सरकारला लिहून दिलंय, म्हणून अवघड. पण अधिकाऱ्यापुढचा प्रश्न 'ही कधीतरी अमेरिकेत राहायला जाणार का' हा नाही. त्याचं उत्तर सगळ्यांनाच माहीत आहे. 'या फेरीला गेली तर ठरल्या दिवशी परत येणार का', एवढंच त्याला ठरवायचं असतं. त्याचं उत्तर तुझ्याकडं आहे, आणि ते सासूबाईंना सोडून द्यावंसं वाटणाऱ्या नोकरीत आहे. त्यावर पुढं बोलते.

एजंटाकडं आधी वळू, कारण चौघांत सगळ्यात घातकी सल्ला त्याचाच.

व्हिसाचा फॉर्म डीएस-१६० नावाचा, ऑनलाइन असतो. त्यात स्पष्ट प्रश्न आहे, तुमच्यासाठी कुणी कधी इमिग्रंट पिटिशन दाखल केलंय का? आई-वडील सोडून जवळचं कुणी नातलग अमेरिकेत आहे का, हा दुसरा. हो म्हटलं की नातं कोणतं आणि ती व्यक्ती नागरिक, कायम रहिवासी की आणखी काही, तेही निवडावं लागतं. ('तिकडचाच झालाय' हा पर्याय तिथं नाही.) वैवाहिक स्थिती, नवऱ्याचं नाव, गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियावरची खाती, सगळं विचारलेलं असतं. या प्रश्नांना एजंटानं 'नाही' असं टिचकवलं तर ते 'नाही' तुझं असतं. फॉर्मच्या शेवटी सही करून पाठवणारं बटण अर्जदारानंच दाबायचं असतं, आणि लिहिलेलं खरं आहे हे त्यात शपथेवर कबूल केलेलं असतं. पिटिशन ज्या सरकारकडं दाखल आहे, त्याच सरकारची ही वकिलातीतली मुलाखतीची खिडकी. खिडकीतल्या माणसाला ते समोरच्या पडद्यावर दिसत नसेल असं समजणारा एजंट एकतर अडाणी आहे, नाहीतर तुला अडाणी समजतोय.

आणि त्या 'नाही'ची किंमत काय? महत्त्वाची गोष्ट लपवून व्हिसा मागणं हा त्यांच्या कायद्यात कलम २१२ खालचा खोटेपणा. तो सिद्ध झाला तर अमेरिकेत यायला आयुष्यभराची बंदी लागू शकते. पर्यटक व्हिसाची फक्त नव्हे, सगळीच. म्हणजे महिनाभराच्या भेटीसाठी बोललेलं खोटं उद्या कायमचं जायच्या खऱ्या, इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखतीत समोर येऊन उभं राहतं. माफीचा अर्ज असतो, पण त्यात नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या नवऱ्यावर अतोनात संकट कोसळेल हे पटवून द्यावं लागतं. त्याला वकील लागतो, पैसा लागतो, वर्षं जातात. एजंट तोवर फी घेऊन मोकळा झालेला असतो. त्याच फॉर्मवर 'हा फॉर्म भरायला कुणी मदत केली का' असाही प्रश्न असतो. तुझा एजंट तिथं स्वतःचं नाव लिहू देतोय का, एवढंच विचारून बघ. त्याचा चेहराच उत्तर देईल.

मग लिहायचं काय? 'होय' लिहायचं, आणि खालच्या रकान्यात कोणत्या महिन्यात नवऱ्यानं आय-१३० (हेच ते पिटिशन) दाखल केलं, ते प्रलंबित आहे, एवढं एका ओळीत. जाण्याचं कारण नवऱ्याला भेटायला. नायगारा बघायला मिळाला तर बघ, पण तो कारण म्हणून नको. इंजिनिअर पोरगी आहेस, फॉर्म स्वतः भर. एका संध्याकाळचं काम आहे, आणि आपण काय लिहिलं ते खिडकीत उभं राहिल्यावर आठवायला लागत नाही.

मामेसासऱ्यांचा सल्ला आपुलकीचा आहे, त्यात शंका नाही. अशी उदाहरणं कोल्हापुरातसुद्धा सापडतील, 'अमक्याची सून गेली ती गेलीच, आता ग्रीन कार्ड पण झालं.' ज्यांचं जमलं त्यांचीच गोष्ट लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळते. ज्यांचं फसलं ते पंगतीत बोलत नाहीत. कायदा काय म्हणतो ते सांगते. नवरा नागरिक असेल आणि बायको रीतसर तपासणी होऊन आत आलेली असेल, तर तिथं राहून ग्रीन कार्डचा अर्ज करायची वाट कायद्यात आहे. पण 'फिरायला आलेय, परत जाणार' असं सांगून शिरायचं आणि मनात राहायचंच असेल, तर तो वरचाच खोटेपणा, फक्त तोंडी. आत आल्यापासून नव्वद दिवसांत असं काही केलं, तर येतानाच खोटं बोललं होतं असं धरून चालण्याचा त्यांच्या परराष्ट्र खात्याचा नियम आहे. नव्वद दिवस उलटले म्हणजे आपोआप सुटका होते असंही नाही. शिवाय तो अर्ज पडून असताना आगाऊ परवानगीशिवाय देश सोडला तर अर्ज बहुधा सोडून दिला असं मानलं जातं. इथं तुझ्या आईला दवाखान्यात ठेवलं तरी तुला तिकडं बसून राहावं लागेल. हे मामांनी सांगितलं का?

आणि नवरा ग्रीन कार्डवाला निघाला तर ही वाटसुद्धा सहसा नाही. मुदत संपून राहिलीस तर तिथं अर्जच करता येणार नाही. मुदतीपुढं एकशे ऐंशी दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलीस तर तीन वर्षं, आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहून बाहेर पडलीस तर दहा वर्षं परत यायला बंदी. नवऱ्याबरोबर राहायचं म्हणून केलेलं हे धाडस दोघांना दहा वर्षं लांब ठेवू शकतं.

नवऱ्याच्या मित्रांचं म्हणणं तेवढं खरं नाही. पर्यटक व्हिसा २१४ बी खाली नाकारला म्हणून पिटिशनला धक्का लागत नाही. तो कायमचा शिक्काही नसतो. तो त्या दिवसाचा निकाल. इमिग्रंट व्हिसाला हे कलम लागूच नाही, कारण तिथं तू राहायलाच निघाली आहेस हे उघड असतं. पुढच्या फॉर्मवर 'व्हिसा कधी नाकारला होता का' याला 'होय' लिहायचं, एवढंच. जातात ते पैसे. अर्जाची फी १८५ डॉलर आहे, ती नकार आला तरी परत मिळत नाही. निकालावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज करता येतो. मात्र परिस्थितीत काही फरक पडला नसेल तर महिन्याभरात पुन्हा जाऊ नकोस, उत्तर तेच येतं. भरण्याआधी फीचा ताजा आकडा वकिलातीच्या संकेतस्थळावर बघून घे.

आता सासूबाई. त्यांना वाईट वाटू न देता हे कसं सांगायचं ते तू बघ, पण नोकरी सोडू नकोस. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं व्हिसाचं. 'परत येशील कशावरून?' याला तुझ्याकडं असलेलं सगळ्यात भक्कम उत्तर म्हणजे शिरोलीतली ती क्वालिटीची खुर्ची. आई-वडील इथं आहेत, घर आहे, हे सगळेच सांगतात. पण कंपनीच्या लेटरहेडवर, किती वर्षांपासून काम करते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रजा मंजूर केली आणि कोणत्या दिवशी कामावर हजर व्हायचंय, असं लिहिलेलं पत्र प्रत्येकीकडं नसतं. ते एचआरकडून आत्ताच मागून ठेव. रजा महिन्याची मागितलीस तर फॉर्मवरही महिनाच लिही. रजा चार आठवड्यांची आणि फॉर्मवर सहा महिने, असा मेळ बसला नाही की खिडकीतल्या माणसाला पुढं काही विचारायची गरज उरत नाही.

दुसरं कारण व्हिसाशी संबंधित नाही. पिटिशनला वर्षाच्या पुढं सहज लागतं. मग ते न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्टस्मथच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडं जातं, तिथं फी आणि कागद भरायचे, मग मुंबईची तारीख, मेडिकल, मुलाखत. नवरा ग्रीन कार्डवाला असेल तर यात रांगेची भर. एवढा काळ घरात बसून 'कधी निघालीस' ऐकत राहायचं? कामाला जाणाऱ्या बाईला तो प्रश्न दिवसातून एकदा विचारला जातो, घरी असणाऱ्या सुनेला सकाळ-संध्याकाळ. सासूबाईंना असं सांगून बघ, की नोकरी आहे म्हणून तर तुमच्या मुलाला भेटायला जायचा व्हिसा मागता येतोय. माझा अंदाज, मुलाचं नाव निघालं की त्या ऐकतील. आणि मंगळागौर टाळू नकोस गं, नव्या नवरीचे ते दिवस परत येत नाहीत. 'तारीख आली की पहिलं तुम्हालाच सांगते' म्हणायचं आणि झिम्म्याला उभं राहायचं.

आता समज, व्हिसा मिळाला. तरी काम अर्धंच झालं. व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत घ्यायचं की नाही ते नेवार्कच्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. तोही तेच विचारणार, आणि उत्तरही तेच द्यायचं. परतीचं तिकीट, रजेचं पत्र, नवऱ्याचा पत्ता-फोन हातातल्या पिशवीत. बॅगेत काय भरतेस ते मात्र बघून भर. रंकाळ्यावर फिरायला निघालेल्या माणसाच्या डोक्यावर गादी-उशी दिसली तर कुणीही विचारणारच, मुक्काम कुठं? चार आठवड्यांच्या पाहुणीच्या बॅगेत डिग्रीची मूळ सर्टिफिकेटं, लग्नाचे सगळे शालू आणि मिक्सर सापडला तर तेच होतं. कांदा-लसूण चटणी ने की, पण कस्टमच्या अधिकाऱ्याला खाण्याचं सामान आहे असं सांग. तिखटापायी आजवर कुणाचा मुक्काम वाढला नाही.

मोबाइलसुद्धा ते उघडून बघू शकतात. 'एकदा आले की परत जाणारच नाही बघ' असं तू लाडात लिहिलेलं असेल. तुमच्या दोघांत त्याचा अर्थ वेगळा, सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याला तो सरळ वाचता येतो. मेसेज पुसून टाक असं मी म्हणत नाही, मुळात तसं ठरवूनच जाऊ नकोस. अधिकाऱ्याला संशय आला तर तो त्याच दिवशी परत पाठवू शकतो, आणि रीतसर हकालपट्टीचा आदेश काढला तर पाच वर्षांची बंदी लागते.

आत गेल्यावर आय-९४ नावाची नोंद ऑनलाइन निघते. कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल ते तिच्यावर असतं. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख वेगळी, ती बघून राहायचं नाही. पर्यटकांना बहुधा सहा महिने मिळतात. मिळाले म्हणून राहू नकोस. चार आठवडे म्हणालीस तर चार आठवड्यांत परत ये. दोन दिवस आधी आलीस तरी चालेल. हे काही तत्त्वासाठी नाही. पिटिशन आणखी रखडलं आणि तुला दुसऱ्यांदा जावंसं वाटलं, तर पहिल्या खेपेला शब्द पाळल्याची नोंद तुझ्या बाजूनं बोलते. तिथं पगारी काम करायचं नाही, ओळखीच्या दुकानात 'जरा मदत' म्हणूनही नाही. आणि प्रवासाचा आरोग्य विमा इथनंच काढ. तिकडं साधा हात मोडला तरी बिलानं माणूस मोडतो.

आता मला जे खरं विचारायचंय ते. या सगळ्यात तुझा नवरा कुठं आहे? एजंट, मामा, मित्र, सासूबाई, सगळ्यांची वाक्यं तू लिहिलीस. नवऱ्याचं एकही नाही. भेट दोघांना हवी आहे ना? मग व्हिसाची खटपट, खिडकीतली धाकधूक आणि नकार आला तर त्याचं ओझं एकटीच्याच डोक्यावर का? त्याला इथं यायला कुणाची मुलाखत द्यावी लागत नाही. पासपोर्ट भारताचाच असेल तर प्रश्नच नाही, अमेरिकन असेल तर ओसीआय कार्ड किंवा ई-व्हिसा. ग्रीन कार्डवाला असेल तर सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहू नये, एवढी काळजी घ्यायची. तीन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. रजा मिळत नाही म्हणत असेल, तर मधल्या ठिकाणी भेटा, थायलंडला किंवा दुबईला. भारतीय पासपोर्टवर तिथं जाणं अमेरिकेपेक्षा कितीतरी सोपं आहे.

त्याच्या येण्याचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. उद्या मुंबईत इमिग्रंट व्हिसाची मुलाखत होईल तेव्हा तुमचं लग्न खरं आहे की कागदापुरतं, हे बघितलं जाईल. लग्नातल्या फोटोंच्या गठ्ठ्यापेक्षा त्यानंतरच्या भेटींच्या खुणा जास्त बोलतात. विमानाची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, हॉटेलच्या पावत्या, गौरी-गणपतीला सगळं घर एकत्र असलेले फोटो. तेव्हा तू व्हिसाचा अर्ज कर, पण त्याची तारीख काय लागते ते बघून नवऱ्याच्या रजेचंही आत्ताच ठरवा. मुंबईत पर्यटक व्हिसाच्या तारखेला महिनोन्‌महिने लागतात. दिवाळीनंतरची मिळेल या भरवशावर तिकीट काढू नकोस.

वाट बघायच्या काळात करण्यासारखं काम इथं कोल्हापुरातच पडलंय. लग्नाची नोंदणी महापालिकेत झाली आहे ना? मंगल कार्यालयाची पावती आणि लग्नपत्रिका म्हणजे दाखला नव्हे. तुझा जन्मदाखला काढून बघ. आपल्या पिढ्यांतल्या कितीतरी दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, नुसतं 'मुलगी' आणि आई-बापाचं नाव. तसं असेल तर नाव नोंदवून घ्यायला वेळ लागतो, आत्ताच लाग. आणि लग्नानंतर नाव बदलायची घाई नको. पासपोर्टवर तुझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव असेल आणि पिटिशनही त्याच नावानं गेलं असेल, तर प्रकरण संपेपर्यंत तसंच राहू दे. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, पिटिशनवर तिसरं, असं झालं की प्रत्येक खिडकीत खुलासे करत बसावं लागतं. पोलीस क्लिअरन्स मात्र आत्ता काढू नकोस, त्याची मुदत संपते. व्हिसा सेंटरकडं कागद भरायची वेळ आली की पासपोर्ट खात्याकडनं घ्यायचं.

उशीर झाला म्हणून रडू येईल तेव्हा ही एक गोष्ट ध्यानात ठेव. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत इमिग्रंट म्हणून तिकडं उतरलीस तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं, आणि ती मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत पुन्हा अर्ज करून लग्न टिकलंय हे दाखवावं लागतं. दोन वर्षं उलटून गेलीस तर सरळ दहा वर्षांचं. उशिरानं तुझी एक खेप वाचेलही.

वकिलाची गरज? तू जे लिहिलंयस तेवढंच असेल तर या भेटीसाठी नाही. पण एजंटानं आधीच एखादा फॉर्म भरून पाठवला असेल, किंवा पूर्वी कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला असेल, तर नवऱ्याला तिथल्या इमिग्रेशन वकिलाशी आधी बोलायला सांग, मगच पुढचं पाऊल.

मुंबईचं तेवढं सांगते, कारण कोल्हापूरकरांची फजिती तिथंच होते. दोन वेगळ्या भेटी असतात. एक बोटांचे ठसे आणि फोटोसाठी व्हिसा अर्ज केंद्रात, दुसरी मुलाखतीसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत. शक्यतो लागोपाठच्या दिवसांच्या तारखा घे. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरून खांद्यावरच्या बॅगेसकट थेट वकिलातीच्या दारात गेलीस तर आत सोडणार नाहीत. मोबाइल चालत नाही, स्मार्ट घड्याळ चालत नाही, मोठी बॅग चालत नाही, आणि ठेवायची सोयही तिथं नाही. म्हणून भाऊ किंवा मैत्रीण बरोबर ने, किंवा सामान लॉजवर ठेवून फक्त कागदांचं फोल्डर घेऊन जा.

खिडकीत दोन-तीन मिनिटंच मिळतात, कधी कागद बघतही नाहीत. म्हणून तोंडानं सांगायचं ते चार वाक्यांत तयार ठेव. मराठीतही मुलाखत देता येते, इंग्रजीत अडखळण्यापेक्षा ते बरं. 'नवऱ्यानं आय-१३० दाखल केलंय, ते पडून आहे. इमिग्रंट व्हिसाची मुलाखत मी इथं मुंबईतच देणार आहे. आत्ता चार आठवड्यांची रजा मंजूर आहे, नवऱ्याला भेटायला जायचंय. अमुक तारखेला कामावर हजर व्हायचंय.' विचारलं तेवढंच सांगायचं, फौंड्रीतल्या रिजेक्शनचा रिपोर्ट साहेबाला देतेस तसं, आकडा आणि कारण.

पासपोर्ट ठेवून घेतला तर बहुधा व्हिसा मिळाला, एक चिठ्ठी लावून परत दिला तर नाही. परतीचं तिकीट त्याच रात्रीच्या महालक्ष्मीचं काढून ठेव. काहीही झालं तरी दुसऱ्या दिवशी शिरोलीला पंचिंग करायचंच आहे.